दोन घशांचा कार्ब्युरेटर

मिस्त्रींना ऐकू येत नाही, ही गोष्ट गॅरेजच्या बाहेर कुणालाही माहीत नव्हती. गिऱ्हाईक बोलायला लागलं की मिस्त्री बोनेटखाली डोकं घालायचे आणि उत्तरं द्यायचं काम त्यांच्या बायकोकडे यायचं. तिला सगळे बाई म्हणायचे. लोक म्हणायचे, मिस्त्री फार कमी बोलतात, पण कामाला वाघ आहेत. बाई नुसती मान डोलवायच्या. झाकली मूठ झाकलेलीच बरी.

तीस वर्षं इंजिनांच्या तोंडाशी कान नेऊन नेऊन मिस्त्रींचा आधी डावा कान गेला, मग आठ वर्षांपूर्वी उजवाही. कानात घालायचं यंत्र आणून पाहिलं होतं. इंजिन सुरू झालं की ते नुसतं कुईकुई करायचं, म्हणून ते डबीत गेलं आणि डबी कपाटात गेली. आता ऐकू येत नसताना गाड्या दुरुस्त करायच्या कशा? प्लगचा रंग डोळ्यांना दिसतो, बेअरिंगची थरथर हाताला कळते, पण कार्ब्युरेटर लावायचा तर कानच हवा. मग दोघांनी मिळून एक रीत बसवली. दीड हात लांबीची रबरी नळी, तिचं एक टोक बाईंच्या कानात आणि दुसरं कार्ब्युरेटरच्या तोंडाशी. आत शिरणाऱ्या हवेचा सूं असा आवाज नळीतून यायचा. बाईंनी एक बोट वर केलं की मिस्त्री स्क्रू पाव फेरा आत घ्यायचे, दोन बोटं केली की बाहेर सोडायचे, मूठ वळली की थांबायचे. इंजिनाचं पुस्तकी ज्ञान बाईंना शून्य. पण आवाज कुठे कोरडा पडलाय आणि कुठे त्याला धाप लागलीय, हे त्या झोपेतसुद्धा सांगू शकल्या असत्या. त्यांचे कान आणि नवऱ्याचे हात मिळून एक धड मिस्त्री होत होता आणि त्या एकावर घर चाललं होतं.

घरात मात्र ही रीत कामाची नव्हती. गॅरेजच्या मागेच दोन खोल्या होत्या आणि तिथे बोलायचं म्हणजे ओरडायचं. गॅस संपला, मुलीचा फोन येऊन गेला, गोळी घ्या, एवढं ओरडून सांगता येतं. पण पायरीवर मांजर कसं ऐटीत बसलं होतं, कोपऱ्यावरच्या शिवणवालीनं एकाच झग्याला दोन्ही बाह्या डाव्या कशा लावल्या, असल्या गोष्टी ओरडून सांगितल्या की त्यांच्यातला जीवच जातो. बाईंनी त्या सांगणं हळूहळू सोडून दिलं. मूळच्या त्या बडबड्या. आठ वर्षांत पोटात नुसता ढीग साठला होता आणि रोज रात्री दिवा मालवताना त्याचं त्यांना वाईट वाटायचं.

तर एका सोमवारी सकाळी मोजणीदार आले. जमीन मोजण्याच्या खात्यातून निवृत्त झालेले गृहस्थ. अजूनही पट्टीनं आखल्यासारखे सरळ चालायचे. त्यांची गाडी करडी, लांब नाकाची. आत एका रांगेत सहा सिलिंडर. इंजिन दणकट होतं, वयानं मिस्त्रींच्या बरोबरीचं, पण चढ आला की नांगी टाकायचं. मोजणीदारांची मुलगी वरच्या वस्तीत राहायला गेली होती आणि तिथवरचा चढ गाडीला झेपत नव्हता.

"इंजिनात खोट नाही," मोजणीदार म्हणाले, "त्याला हवा पुरत नाही. हा मोठा कार्ब्युरेटर बसवून द्या." मागच्या सीटवरून त्यांनी एक गाठोडं दोन्ही हातांनी उचलून आणलं. एकावर एक तीन जाड कांबळी गुंडाळलेली होती.

"थंडी वाजते की काय याला?" बाई म्हणाल्या.

मोजणीदार हसले नाहीत. "भाऊ गेल्यावर त्याचं घर आवरलं, तेव्हा कपाटात मिळाला. असाच बांधलेला होता. मीही सोडला नाही."

"कुठल्या गाडीचा म्हणायचा?"

"त्याच्याकडे गाडी कधीच नव्हती," मोजणीदार म्हणाले आणि घड्याळाकडे बघून उठले. "गुरुवारी येतो."

कांबळी सोडून बाईंनी तो कार्ब्युरेटर लोखंडी टेबलावर ठेवला. गाडीतला जुना होता एका घशाचा, म्हणजे हवा ओढायचं एकच तोंड असलेला, आणि हा दोन घशांचा, वितीपेक्षा थोडा उंच, स्वच्छ, कुठेही कंपनीचं नाव नसलेला. बाईंनी तो उचलला आणि पुन्हा ठेवला. लोखंडावर धातू टेकला, पण आवाज काही झाला नाही. त्यांनी पान्यानं त्याच्या अंगावर ठोकून पाहिलं. ओल्या पोत्यावर ठोकावं तसं वाटलं. वाजत नाही हा, असं त्यांनी मिस्त्रींना खुणेनं सांगितलं.

"माझ्या लेखी इथलं काय वाजतंय?" मिस्त्री म्हणाले आणि स्वतःच्याच विनोदावर खूश होऊन कामाला लागले.

पुढचा दीड दिवस साध्या, नेहमीच्या कामात गेला. जुना कार्ब्युरेटर उतरवला. एखादा नट आत पडू नये म्हणून मॅनिफोल्डच्या, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांच्या, तोंडात फडकं कोंबलं. खालची भोकं आणि वरची भोकं जुळेनात, तेव्हा मिस्त्रींनी जाड अॅल्युमिनियमची एक पट्टी कापली, खालून एका भोकाची, वरून दोन भोकांची, आणि मधला उतार कानशीनं इतका गुळगुळीत केला की त्यावरून बोट फिरवायचा मोह व्हावा. बाईंनी गॅस्केटचा कागद कापला. अॅक्सिलरेटरची सळई थोडी वाकवावी लागली. एअर फिल्टर बोनेटला लागत होता, म्हणून तो शेवटी बघू असं ठरवून टेबलावर ठेवला. मंगळवारी दुपारी फडकं काढलं, कार्ब्युरेटर बसवला, चारही नट आवळले आणि चावी फिरवली.

इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं. बाईंनी नळी कानात घातली. हवेचा आवाज खोल होता, विहिरीत वाकून ऐकावा तसा. सहाही सिलिंडर एकसारखे चालत होते. त्यांच्या मागे आणखी काहीतरी होतं. टक. मग थोड्या वेळानं पुन्हा टक. बाईंना वाटलं, टॅपेट ढिला असेल. पण टॅपेट इतक्या सावकाश वाजत नाही. नीट ऐकू येईना म्हणून त्यांनी सवयीनं दोन बोटं वर केली. मिस्त्रींनी स्क्रू पाव फेरा बाहेर सोडला, तसा तो आवाज जवळ आला. टक, टक, आणि प्रत्येक चौथ्या ठोक्याला एक बारीक खरखर.

ती खरखर बाईंच्या ओळखीची होती. गॅरेजच्या पलीकडच्या भिंतीवर, टायरांच्या वर, लंबकाचं जुनं घड्याळ होतं. त्याच्या चाकाचा एक दात झिजला होता.

बाईंनी नळी काढली आणि मिस्त्रींना इंजिन बंद करायला सांगितलं. मग त्या घड्याळाखाली जाऊन उभ्या राहिल्या. लंबक हलत होता. काटा पुढे सरकला. घड्याळातून काहीही ऐकू येत नव्हतं.

कार्ब्युरेटरचा विचारही त्यांच्या मनात आला नाही. त्यांना एकच वाटलं, आता आपलीही पाळी आली. नवऱ्याचंही असंच सुरू झालं होतं. आधी घड्याळ गेलं होतं, मग नळाचं गळणं, मग पाखरं. एका घरात एक बहिरा असला तर गॅरेज चालतं. दोन असले तर कुलूप लावायचं.

"काय झालं?" मिस्त्रींनी विचारलं.

बाईंनी मान हलवली, काही नाही. मिस्त्रींनी आठ वर्षं जे गिऱ्हाइकांपासून लपवलं, ते आता बाईंनी मिस्त्रींपासून लपवलं. त्या पुन्हा बोनेटपाशी आल्या, नळी कानात घातली आणि ऐकू कमी येतंय म्हणून पुन्हा पुन्हा दोन बोटं वर करत राहिल्या. मिस्त्री एकदा थांबले. इतका बाहेर? त्यांच्या चेहऱ्यावर प्रश्न होता. बाईंनी मान डोलवली. आवाजाच्या बाबतीत त्या नवऱ्याशी पहिल्यांदाच खोटं वागत होत्या. संध्याकाळी शटर ओढलं, ते गुपचूप खाली आलं. एरवी त्याच्या खडखडाटानं शेजारचा कुत्रा उठून भुंकायचा. आज कुत्रा उठला नाही.

रात्री बाईंना झोप लागली नाही. उठून नट-बोल्टांचा डबा घेतला आणि मापाप्रमाणे वेगळे करत बसल्या. नट पत्र्यावर पडत होते, आणि कापसावर पडावेत तसे पडत होते.

बुधवारी सकाळी नळ गळत होता. थेंब पडताना दिसत होता. कोपऱ्यावर शिवणवालीचं मशीन चालू होतं, सुई खालीवर होत होती, पण आवाज नव्हता. शिवणवाली स्वतः मात्र ऐकू आली. "काकू, कुठे निघालात सकाळी सकाळी?"

"भाजी आणते," बाई म्हणाल्या आणि कानाच्या डॉक्टरांकडे गेल्या.

डॉक्टरांनी त्यांना काचेच्या खोलीत बसवून कानांवर तपासणीचं यंत्र चढवलं. आवाज आला की बटण दाबायचं. बाईंनी दाबलं, दाबत राहिल्या. माशीच्या पंखाएवढा आवाजही सुटला नाही. डॉक्टरांनी कागद त्यांच्यापुढे धरला.

"विशीतल्या मुलीचे कान आहेत तुमचे. कुणी सांगितलं ऐकू येत नाही म्हणून?"

बाईंना हायसं वाटायला हवं होतं. ते वाटेना. येताना त्या वाटेवरचा एकेक आवाज मनात मोजत आल्या. बसचा हॉर्न, कुणाचा तरी खोकला, किल्ल्यांचा जुडगा, स्वतःच्या चपला. शिवणवालीच्या दुकानाशी त्या वळल्या आणि चपलांचा आवाज थांबला. त्या एक पाऊल मागे आल्या. फट. पुढे टाकलं, काही नाही. तीन वेळा त्यांनी तसं केलं. तिसऱ्या वेळी शिवणवालीनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "काकू, काही हरवलं का?"

"नाही गं," बाई म्हणाल्या आणि झपाझप गॅरेजकडे निघाल्या. आता कुठे त्यांना ती कांबळी आठवली. बिघाड त्यांच्या कानात नव्हता. कार्ब्युरेटर उतरवायचा, आत्ताच्या आत्ता, मोजणीदारांना काय सांगायचं ते मागाहून बघता येईल, असं त्यांनी ठरवून टाकलं.

गॅरेजमध्ये इंजिन चालू होतं. मिस्त्री मडगार्डवर रेलले होते आणि नळी त्यांनी स्वतःच्या कानात घातली होती. आठ वर्षांत त्यांनी ती कधी कानाजवळ नेली नव्हती. त्यांचे डोळे भरून वाहत होते.

"घड्याळ," ते म्हणाले. "अगं, घड्याळ ऐकू येतंय मला. चौथ्या ठोक्याला घासतंय बघ ते. आणि नळाला वायसर पाहिजे. किती दिवस गळतोय?"

बाई दारातच थबकल्या.

"बोल ना काहीतरी. ओरडू नको. नेहमीसारखं बोल."

त्या चेहऱ्यापुढे 'उतरवा तो' म्हणायचं धाडस बाईंना झालं नाही. त्या बोनेटखाली वाकल्या आणि त्या दोन घशांपाशी तोंड नेऊन हलकेच म्हणाल्या, "काय बोलू?"

मिस्त्री लहान मुलासारखे हसले. "हाच! हाच आवाज. मी म्हटलं, विसरलो की काय."

मग त्या बोलत गेल्या. मांजराचं सांगितलं, दोन डाव्या बाह्यांचं सांगितलं. मुलगी फोन ठेवताना आता हुबेहूब तुमच्यासारखी बरं, बरं, असं दोनदा म्हणते, हे सांगितलं. मिस्त्री मध्येच प्रश्न विचारत होते, हसत होते, एकदा तर हसता हसता त्यांना ठसका लागला. बाईंनी खालच्या आवाजात, कुजबुजत, अर्ध्या अर्ध्या वाक्यांत सांगितलं, जसं जवळच्या माणसाला सांगतात तसं. गाडी उभ्या उभ्या पेट्रोल पीत राहिली. कोपऱ्यावरची ती जागा त्या विसरल्या होत्या असं नाही. त्यांनी ती बाजूला ठेवली होती. इतका आनंद त्यांना कितीतरी वर्षांत झाला नव्हता आणि तो हातचा जाऊ द्यायची त्यांची तयारी नव्हती.

दिवस मावळताना मिस्त्रींनी इंजिन बंद केलं. बाईंचा आवाज बसला होता. एवढी बडबड केल्यावर बसणारच, असं त्यांनी मनाला सांगितलं. मुलीचा फोन आला तेव्हा ती म्हणत राहिली, "आई, अगं काही ऐकू येत नाही. लाइन खराब आहे. आई? आहेस ना?"

बाई होत्या. त्या बोलत होत्या.

गुरुवारी सकाळी उठल्यावर त्यांनी नवऱ्याला हाक मारली. घसा दुखत नव्हता, खवखवत नव्हता. श्वास आला, ओठ हलले, आवाज आला नाही. त्यांनी हातातलं भांडं फरशीवर टाकलं. तेही आवाज न करता घरंगळत गेलं. मिस्त्रींचं अंथरूण रिकामं होतं.

बाई गॅरेजमध्ये धावल्या. बोनेट उघडं होतं. इंजिन चालू असावं, कारण मडगार्डला हात लावल्यावर तळव्याला थरथर जाणवली. ऐकू काहीच येत नव्हतं. मिस्त्री नळी कानाला लावून, डोळे मिटून उभे होते.

"हो, मग?" मिस्त्री म्हणाले. त्यांचा आवाज तेवढा स्पष्ट होता. "नाही, मला नाही आठवत. तू सांग."

ते थांबले. ऐकत होते.

"असं होय," ते हसले. "आणि हे तू मला कधी सांगितलंच नाहीस."

बाई त्यांच्या मागे चार पावलांवर होत्या. त्यांचं तोंड मिटलेलं होतं.

त्यांनी पुढे होऊन मिस्त्रींच्या खांद्यावर हात ठेवला. मिस्त्रींनी डोळे उघडले, बाईंकडे पाहिलं, मग त्यांच्या ओठांकडे पाहिलं. आठ वर्षं ते ओठ बघूनच त्यांनी दिवस काढले होते. हसू चेहऱ्यावर होतं, ते हळूहळू उतरलं. पण नळी कानातून निघाली नाही.

बंद करा, बाईंचे ओठ म्हणाले.

"आत्ताच तर म्हणालीस," मिस्त्री अडखळत म्हणाले, "बंद करू नका म्हणून."

बाईंनी चावी फिरवली. मडगार्डची थरथर थांबली.

मिस्त्री आणखी थोडा वेळ मान डोलवत राहिले.

बाईंनी टेबलावरचा कामाचा कागद ओढला आणि पेन्सिलीनं लिहिलं. तुमच्याशी बोलतेय ती मी नाही. माझा आवाज गेला. उतरवा तो.

मिस्त्रींनी ते दोनदा वाचलं. त्यांनी नळीकडे पाहिलं. बाईंना वाटलं, हा माणूस आता नाही म्हणणार. आणि म्हणाला तरी त्याला दोष कसा द्यायचा, हेही त्यांना त्याच क्षणी कळत होतं.

"चुकलं माझं," मिस्त्री म्हणाले. "उतरवतो. जुना आत ठेवलाय, घेऊन येतो. तू तेरा नंबरचा पाना काढून ठेव. पुन्हा जुना बसवला की येईल तुझा आवाज. येईल ना?"

ते मागच्या खोलीत गेले. बाई टेबलापाशी वळल्या. पान्यांचा ढीग पडला होता. चौदा, अकरा, बारा. चौदा पुन्हा. तेरा नंबरचा पाना एअर फिल्टरच्या खाली होता. तो हातात आला तेव्हा त्यांना बरं वाटलं.

त्या वळल्या.

बोनेट लावलेलं होतं. गाडी दारातून निम्मी बाहेर गेली होती. खिडकीतून मोजणीदार मागे बघून हात हलवत होते. त्यांचे ओठ हलले. येतो हो, म्हणाले असावेत. गुरुवारी येतो म्हणून सांगून गेले होते आणि दिलेला वार त्यांनी पाळला होता. चावी गाडीलाच होती. ते आत आले, त्यांनी बोनेट आपटलं, इंजिन सुरू केलं, आणि शहरातले सगळ्यात तिखट कान असलेल्या बाई पाच हातांवर पाठ करून उभ्या होत्या.

बाई रस्त्यावर धावल्या. टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजल्या नाहीत. त्यांनी मागे वळून मिस्त्रींना हाक मारली. हाक निघाली नाही, आणि निघाली असती तरी मिस्त्रींना ऐकू गेली नसती.

गाडी चढाला लागली. धाप नाही, धक्का नाही, लोण्यातून सुरी जावी तशी वर जात होती. काम उत्तम झालं होतं.

शिवणवालीच्या दुकानाशी ती जरा मंदावली आणि पलीकडे गेली.

टक.

बाईंच्या मागे घड्याळ वाजायला लागलं. मग नळाचा थेंब. मग त्यांच्या हातातून पाना सुटला आणि खणकन रस्त्यावर पडला, इतक्या मोठ्यानं की त्या दचकल्या. शेजारचा कुत्रा उठून भुंकला. सगळं जागच्या जागी परत आलं होतं. बाईंनी छाती भरून श्वास घेतला आणि तोंड उघडलं.

थांबा, असं त्यांना म्हणायचं होतं.

तेवढा एक आवाज परत आला नव्हता.

मिस्त्री जुना कार्ब्युरेटर दोन्ही हातांत धरून बाहेर आले आणि गाडीच्या रिकाम्या जागेत उभे राहिले. त्यांनी बाईंच्या तोंडाकडे पाहिलं, हलणारे ओठ पाहिले. "काय म्हणतेस?" ते म्हणाले. "आला आवाज?"

कोपऱ्यावर शिवणवाली दुकानाच्या पायरीवर आली होती. वर जाणाऱ्या गाडीच्या दिशेनं ती कान देऊन उभी होती, मान थोडी कलती, कुणीतरी खिडकीतून काही सांगत असावं आणि ते नीट ऐकून घ्यावं तशी. मग ती हसली आणि तिनं हात वर केला.

"बरं काकू, सांगते मी काकांना," ती मोठ्यानं म्हणाली. "सावकाश या!"

गाडी वळणाआड जाईपर्यंत ती हात हलवत राहिली. मग निरोप द्यायला म्हणून गॅरेजकडे वळली, दोन पावलं चालून आली, आणि दारात उभ्या असलेल्या बाईंना पाहून तिचा हात तसाच वर राहिला.